सर्व्हरवरील एका ओळीचा इतिहास : पॅकेजे, भांडारे आणि विश्वासाची साखळी

ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘सर्ट-इन’ या केंद्र सरकारच्या सायबरसुरक्षा संस्थेने एक तांत्रिक मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. सरकारी कार्यालये, सार्वजनिक उपक्रम, अत्यावश्यक सेवा देणाऱ्या संस्था आणि सॉफ्टवेअर उद्योग यांनी सॉफ्टवेअरची घटकसूची ठेवावी, असे तिचे सार. औषधाच्या वेष्टनावर जशी द्रव्यांची नावे छापलेली असतात, तशी एखाद्या सॉफ्टवेअरमध्ये कोणते घटक आहेत, ते कोणी पुरवले, त्यांची आवृत्ती कोणती आणि ते आणखी कशावर अवलंबून आहेत, याची ही नोंद असते.

ही कल्पना नवी वाटते खरी. पण लिनक्स सर्व्हर सांभाळणाऱ्यांच्या हाताशी तिचे मूळ रूप तीस वर्षांपासून आहे. सर्व्हरच्या काळ्या पडद्यावर ‘अ‍ॅप्ट इन्स्टॉल’ ही दोन शब्दांची आज्ञा आणि पुढे हव्या त्या सॉफ्टवेअरचे नाव लिहिले की काही क्षणांत ते सॉफ्टवेअर, त्याला लागणाऱ्या सगळ्या उपांगांसह, यंत्रावर बसते. काय बसले, कोणत्या आवृत्तीचे बसले, कशासाठी बसले याची नोंदही होते. आज संगणकशास्त्राचा विद्यार्थी ही आज्ञा पहिल्याच आठवड्यात शिकतो आणि पुढे तिच्याकडे लक्ष देण्याचे त्याला कारण उरत नाही. त्या एका ओळीमागे मात्र हजारो माणसांचे श्रम, गणितातला एक अवघड प्रश्न आणि काही महागडे धडे आहेत. सॉफ्टवेअर आणून देणे हे पॅकेज व्यवस्थापकाचे वरवरचे काम आहे. हे सॉफ्टवेअर कोणीतरी पाहिले आहे, इतरांशी जुळवले आहे आणि त्याची जबाबदारी घेतली आहे, ही हमी पोहोचवणे हे त्याचे खरे काम. ती हमी कशी उभी राहिली आणि कुठे डळमळली, याचा हा आढावा.

पॅकेज नव्हते तेव्हा

१९९१ मध्ये हेलसिंकी येथील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्स हा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, लोकांसमोर ठेवला. गाभा मिळाला तरी केवळ त्याच्यावर काम चालत नाही. संपादक, भाषांतरक, नेटवर्कची साधने, लायब्ररी असे शेकडो भाग निरनिराळ्या लोकांनी, निरनिराळ्या ठिकाणी लिहिलेले होते. ते गोळा करून परस्परांशी जुळवणे हे वापरणाऱ्याचेच काम होते.

प्रत्येक भागाची रीत साधारण एकच असे. सोर्स कोडची संकुचित फाइल उतरवून घ्यायची, उलगडायची, आपल्या यंत्राला साजेशी मांडणी करून घ्यायची, यंत्रभाषेत भाषांतर करायचे आणि तयार झालेल्या फाइली प्रणालीत योग्य जागी टाकायच्या. काम झाले की त्या फाइली प्रणालीच्या निरनिराळ्या निर्देशिकांमध्ये विखुरल्या जात. सहा महिन्यांनी ते सॉफ्टवेअर काढून टाकायचे ठरले तर कोणती फाइल कोणाची, हे सांगणारे काही नसे. नवी आवृत्ती टाकताना जुनीचे अवशेष मागे राहत. एखादी सामायिक लायब्ररी बदलली की तिच्यावर विसंबलेले दुसरेच काहीतरी बंद पडे आणि का बंद पडले, हे शोधण्यात रात्री जात.

यावर उपाय म्हणून सगळे भाग एकत्र बांधलेले संच निघू लागले. या संचांना ‘डिस्ट्रिब्यूशन’ किंवा वितरण म्हणतात. १९९२ मधील ‘एसएलएस’ हे त्यांतले सुरुवातीचे एक लोकप्रिय वितरण. ते वापरणारे बरेच होते आणि त्यातील चुकांनी वैतागलेलेही बरेच होते. त्या वैतागातून दोन नवी वितरणे जन्मली. जुलै १९९३ मध्ये पॅट्रिक व्होल्करडिंग यांनी ‘स्लॅकवेअर’ प्रसिद्ध केले. १६ ऑगस्ट १९९३ रोजी अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात शिकणाऱ्या, वीस वर्षांच्या इयन मर्डॉकने ‘डेबियन’ची घोषणा केली. स्लॅकवेअरमध्ये पॅकेजे होती. ती बसवता आणि काढता येत. मात्र एकाला दुसरे लागते की नाही, हे पाहणे वापरणाऱ्यावरच सोपवलेले होते. डेबियनने नेमका तोच प्रश्न हाती घेतला.

नोंदवही आणि तिचा राखणदार

मर्डॉक यांची कल्पना अशी होती की वितरण एका माणसाने बांधू नये. प्रत्येक भागाला एक जबाबदार सांभाळकर्ता असावा आणि सर्वांनी समान नियम पाळून आपापला भाग द्यावा. हे जमायचे तर प्रत्येक भागाबरोबर त्याची माहिती ठरलेल्या साच्यात येणे आवश्यक होते. ‘डीपीकेजी’ हे साधन त्या गरजेतून आले. त्याचे पहिले रूप अगदी साधे होते. १९९४ मध्ये इयन जॅक्सन यांनी ते सी भाषेत नव्याने लिहिले आणि त्याचा पाया पक्का झाला.

डेबियनचे एक पॅकेज म्हणजे एकच फाइल, आणि तिच्यात मुख्यतः दोन कप्पे. एका कप्प्यात प्रत्यक्ष सॉफ्टवेअर. दुसऱ्या कप्प्यात त्याची माहिती : नाव, आवृत्ती, कोणत्या प्रकारच्या प्रोसेसरसाठी, कोणावर अवलंबून, कोणाशी पटत नाही आणि सांभाळकर्ता कोण. ‘डीपीकेजी’ पॅकेज बसवताना ही माहिती यंत्रावरच्या एका नोंदवहीत लिहून ठेवते. प्रत्येक फाइल कोणत्या पॅकेजची, हेही तिला ठाऊक असते. त्यामुळे पॅकेज काढताना नेमक्या त्याच फाइली निघतात आणि एका पॅकेजने दुसऱ्याची फाइल पुसण्याचा प्रयत्न केला तर काम तिथेच थांबते. ‘सर्ट-इन’ला २०२४ मध्ये जी घटकसूची अपेक्षित होती, तिचा गाभा या नोंदवहीत दिसतो.

जून १९९६ मध्ये डेबियनची १.१ ही आवृत्ती निघाली तेव्हा तिच्यात ४७४ पॅकेजे होती. जून २०२३ मधील बाराव्या आवृत्तीत ही संख्या ६४ हजारांच्या पुढे गेली. एवढा पसारा कोणत्याही एका कंपनीने पगारी माणसांवर उभा केलेला नाही. तो उभा राहिला तो जगभर विखुरलेल्या, बहुतांशी स्वयंसेवक असलेल्या सांभाळकर्त्यांवर आणि सर्वांनी मान्य केलेल्या लेखी नियमावलीवर.

अवलंबित्वाचा नरक

दुसऱ्या बाजूला रेड हॅट या अमेरिकी कंपनीने १९९५ मध्ये स्वतःची पॅकेजपद्धत आणली. मार्क युइंग आणि एरिक ट्रोन यांनी घडवलेली ही ‘आरपीएम’ पद्धत पुढे अनेक वितरणांनी स्वीकारली. मात्र ‘डीपीकेजी’ आणि ‘आरपीएम’ या दोघांचीही एक मर्यादा होती. हातात दिलेले पॅकेज त्या नीट बसवत. एखादे उपांग कमी असेल तर तसे सांगून थांबत. ते उपांग शोधून आणणे त्यांचे काम नव्हते.

मग सर्व्हर सांभाळणारा ते उपांग शोधून आणी. त्याला आणखी दोन उपांगे लागत. त्यांपैकी एकाला हवी असलेली लायब्ररीची आवृत्ती आधीच बसलेल्या तिसऱ्या सॉफ्टवेअरला चालत नसे. या चक्राला संगणकविश्वात ‘अवलंबित्वाचा नरक’ असे नाव पडले.

डेबियनमध्ये यावर उत्तर म्हणून ‘अ‍ॅप्ट’ आले. मार्च १९९९ मध्ये डेबियनच्या २.१ या आवृत्तीबरोबर ते सर्वांच्या हाती पडले. सगळी पॅकेजे एका भांडारात ठेवायची, भांडाराची सूची यंत्राने उतरवून घ्यायची आणि एखादे पॅकेज मागितले की सूची पाहून लागणाऱ्या सर्व पॅकेजांची यादी यंत्रानेच काढायची, असा हा विचार. विद्यार्थी आजही गोंधळतात तो ‘अपडेट’ आणि ‘अपग्रेड’ या दोन आज्ञांमधला फरक इथून आला. ‘अपडेट’ने केवळ सूची ताजी होते, यंत्रावरचे एकही पॅकेज बदलत नाही. ‘अपग्रेड’ त्या ताज्या सूचीच्या आधारे प्रत्यक्ष पॅकेजे बदलते. पहिली न देता दुसरी दिली, तर यंत्र जुन्या सूचीवर विसंबून ‘सर्व काही अद्ययावत आहे’ असे निर्धास्तपणे सांगते.

‘आरपीएम’च्या बाजूलाही अशीच सोय हवी होती. ब्राझीलमधील कोनेक्टिव्हा या कंपनीने ‘अ‍ॅप्ट’लाच ‘आरपीएम’ पॅकेजे हाताळायला शिकवले. पण अधिक दूरवर पोहोचले ते एका विद्यापीठात तयार झालेले साधन. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात सेथ विदाल आणि मायकेल स्टेनर यांनी, विभागातील संगणक अद्ययावत ठेवता यावेत म्हणून, ‘येलोडॉग अपडेटर’ या जुन्या साधनात सुधारणा करून ‘यम’ तयार केले. मराठी कानाला हे नाव मृत्युदेवतेचे वाटेल. काम मात्र सर्व्हर जिवंत ठेवण्याचे होते. पुढे रेड हॅट आणि तिच्या कुळातील वितरणांत ‘यम’ रूढ झाले. २०१५ मध्ये फेडोरा या वितरणात त्याची जागा ‘डीएनएफ’ या वारसाने घेतली.

यंत्रासमोरचे कोडे

‘लागणाऱ्या सर्व पॅकेजांची यादी काढणे’ हे वाक्य वाचायला सोपे आहे. प्रत्यक्षात तो गणिताचा कठीण प्रश्न आहे.

समजा, ‘अ’ या पॅकेजला ‘ब’ किंवा ‘क’ यांपैकी एक लागते. ‘ब’ला ‘ड’ लागते, पण ‘ड’ आणि ‘ई’ एकत्र नांदू शकत नाहीत, आणि ‘ई’ तर आधीच बसलेले आहे. म्हणजे ‘क’चा मार्ग धरायचा, पण ‘क’ला ‘फ’ची जुनीच आवृत्ती लागते. प्रत्येक पॅकेजाबाबत ‘बसवायचे’ किंवा ‘नाही’ असे दोन पर्याय. चाळीस पॅकेजांच्या बाबतीत अशा निवडींची संख्या सुमारे १ लाख १० हजार कोटी होते. भांडारात तर हजारो पॅकेजे असतात.

युरोपीय संशोधकांच्या ‘ईडॉस’ या प्रकल्पाने २००६ मध्ये दाखवून दिले की एखादे पॅकेज बसू शकेल की नाही, हा प्रश्न ‘एनपी-पूर्ण’ या वर्गात मोडतो. मिळालेले उत्तर बरोबर आहे का, हे या वर्गातील प्रश्नांत झटकन तपासता येते. पण उत्तर शोधण्याची सर्व प्रसंगी वेगाने चालणारी रीत कोणालाही सापडलेली नाही. सुदैवाने खऱ्या भांडारांतील प्रश्न सहसा तितके क्रूर नसतात. तर्कशास्त्रातील ‘सॅट’ प्रश्न सोडवण्यासाठी विकसित झालेली तंत्रे इथे कामी आली. ओपनसुसेने २००८ मध्ये हा मार्ग धरला आणि ‘डीएनएफ’नेही पुढे त्याच घराण्यातील लायब्ररी वापरली. अमूर्त वाटणारी संगणकविज्ञानाची शाखा रोजच्या दुरुस्तीच्या कामात कशी उतरते, याचे हे चांगले उदाहरण.

सीडीपासून ग्रिडपर्यंत : भारतातील वाट

भारतात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमाच्या सेवेमार्फत. टेलिफोनच्या तारेवरून येणाऱ्या त्या जोडणीवर भांडारातून शेकडो पॅकेजे उतरवणे अनेकांच्या वेळेला आणि खिशाला परवडणारे नव्हते. त्यामुळे लिनक्स इथे पसरले ते बरेचसे मासिकांबरोबर आलेल्या सीडींमधून आणि शहरोशहरीच्या लिनक्स मंडळांतून. ‘पीसीक्वेस्ट’ मासिकाने वाटलेल्या सीडी त्या पिढीला आठवतात. ‘अ‍ॅप्ट’ला सीडीदेखील भांडार म्हणून वापरता येत असे, अशा काळात ही सोय मोलाची होती. पुढे आयआयटी मद्रास आणि आयआयटी कानपूर यांसारख्या संस्थांनी परदेशी भांडारांच्या प्रती, म्हणजे ‘मिरर’, देशातच ठेवल्या. फेब्रुवारी २००९ मधील डेबियनच्या पाचव्या आवृत्तीत इन्स्टॉलरने नव्याने शिकलेल्या भाषांमध्ये मराठी होती. भाषांतरकारांच्या श्रमांतून आलेली ही नोंद छोटी असली तरी महत्त्वाची आहे.

विज्ञानाला पॅकेजांची गरज वेगळ्याच कारणाने भासली. जिनिव्हाजवळील ‘सर्न’च्या महाकाय त्वरकातून येणारी माहिती एका केंद्रात मावणारी नव्हती. ती चाळीसहून अधिक देशांतील सुमारे १७० केंद्रांच्या जाळ्यात वाटली गेली. या जाळ्याला ‘ग्रिड’ म्हणतात. भारतातील दोन केंद्रे त्यात सामील झाली. कोलकात्याचे व्हेरिएबल एनर्जी सायक्लोट्रॉन सेंटर ‘अ‍ॅलिस’ प्रयोगासाठी आणि मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था ‘सीएमएस’ प्रयोगासाठी.

एकच आकडेमोड कोलकात्यात, मुंबईत आणि जिनिव्हात केली तर उत्तर एकच यायला हवे. गणिती लायब्ररीची आवृत्ती बदलली तर दशांश चिन्हानंतरच्या दूरच्या अंकांत फरक पडू शकतो, आणि कणभौतिकीत कधी कधी सारा शोध तिथेच दडलेला असतो. म्हणून केंद्रांवर बसलेली पॅकेजे एकसारखी असणे ही प्रयोगाचीच अट झाली. अमेरिकेतील फर्मीलॅब आणि ‘सर्न’ यांनी रेड हॅटच्या खुल्या सोर्स कोडमधून ‘सायंटिफिक लिनक्स’ हे वितरण २००४ मध्ये बांधले ते याच गरजेतून. भौतिकशास्त्राच्या एका विभागात जन्मलेले ‘यम’ अशा रीतीने भौतिकशास्त्राच्याच जागतिक जाळ्यात सेवेला लागले.

आज हाच प्रश्न महासंगणकांवर उभा आहे. नोव्हेंबर २०१७ पासून जगातील पहिल्या ५०० महासंगणकांच्या यादीतील प्रत्येक यंत्र लिनक्सवर चालते. भारतात राष्ट्रीय महासंगणन मोहिमेखालील तीन ‘परम रुद्र’ यंत्रे सप्टेंबर २०२४ मध्ये पुण्याजवळची महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण, दिल्लीचे आंतरविद्यापीठ त्वरक केंद्र आणि कोलकात्याचे सत्येंद्रनाथ बोस केंद्र यांना अर्पण झाली. महासंगणकावर हवामान, खगोल आणि रेणूंचे अभ्यासक एकाच छपराखाली काम करतात. प्रत्येकाला एकाच लायब्ररीची वेगळी आवृत्ती हवी असते आणि मूळ प्रणालीत बदल करण्याचा अधिकार कोणालाही नसतो. अशा यंत्रांसाठी लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत २०१३ पासून ‘स्पॅक’ हे साधन विकसित झाले. अनेक आवृत्त्या शेजारी शेजारी बांधून ठेवायच्या आणि प्रत्येक संशोधकाने आपल्याला हवी ती निवडायची, अशी त्याची रीत. एखाद्या शोधनिबंधातील आकडे पाच वर्षांनी पुन्हा काढून पाहायचे असतील, तर निबंधाइतकीच पॅकेजांची यादीही जपून ठेवावी लागते.

स्वाक्षरी आणि तिची मर्यादा

भांडार इंटरनेटवर गेले तेव्हा नवा प्रश्न आला. उतरवलेले पॅकेज खरोखर डेबियनचेच आहे, वाटेत कोणी ते बदललेले नाही, हे कसे ओळखायचे? एप्रिल २००७ मधील डेबियनच्या चौथ्या आवृत्तीपासून ‘अ‍ॅप्ट’ हे नेमाने तपासू लागले. भांडाराच्या मुख्य फाइलवर डिजिटल स्वाक्षरी असते. त्या फाइलीत सूचीचा ठसा, म्हणजे ‘हॅश’, असतो आणि सूचीत प्रत्येक पॅकेजाचा ठसा. स्वाक्षरी खरी असेल आणि ठसे जुळत असतील तर पॅकेज अस्सल. एका कडीने दुसरी पकडलेली ही साखळी असल्यामुळे मिरर कोणाच्याही हाती असला तरी चालते. त्याला लबाडी करता येत नाही.

तथापि स्वाक्षरी एवढेच सांगते की पॅकेज योग्य हातांतून आले. त्या हातांकडून चूक झाली नाही, असे ती सांगू शकत नाही. हा धडा वर्षभरातच मिळाला.

१३ मे २००८ रोजी डेबियनने जाहीर केले की तिच्या ‘ओपनएसएसएल’ पॅकेजमध्ये गंभीर दोष आहे. गुप्त किल्ल्या तयार करणारी ही लायब्ररी. स्मृती तपासणाऱ्या एका साधनाने दिलेला इशारा दूर करण्यासाठी २००६ मध्ये पॅकेजमधील काही कोड काढून टाकला गेला होता. त्याबरोबर किल्लीत यादृच्छिकता मिसळणारा भागही गेला. उरला तो केवळ प्रक्रिया-क्रमांक, ज्याची शक्य मूल्ये ३२,७६८ होती. म्हणजे अब्जावधी वर्षे शोधूनही सापडू नये अशी किल्ली काही हजार प्रयत्नांत सापडू शकत होती. लुचियानो बेयो या डेबियनच्याच विकासकाने हा दोष शोधला. पॅकेजांवरची स्वाक्षरी या सर्व काळात अगदी खरी होती. दुरुस्तीही त्याच वाटेने गेली. नवे पॅकेज आणि कमकुवत किल्ल्यांची काळी यादी जगभरच्या सर्व्हरांवर ‘अ‍ॅप्ट’मार्फतच पोहोचली.

दुसरा धडा अधिक अस्वस्थ करणारा होता, कारण त्यात चूक नव्हती, कट होता. २९ मार्च २०२४ रोजी आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने जाहीर केले की ‘एक्सझेड’ या फाइली आकुंचित करणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा आहे. सर्व्हरवर दूरून प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतो, या शंकेवरून त्यांनी माग काढला होता. प्रवेश देणारा ‘एसएसएच’ कार्यक्रम मुळात ‘एक्सझेड’वर अवलंबून नाही. परंतु काही वितरणांनी सोयीसाठी त्याला दुसऱ्या एका लायब्ररीशी जोडले होते, आणि ती लायब्ररी ‘एक्सझेड’ची लायब्ररी ओढून आणत होती. दरवाजा त्या आडवाटेने आत शिरला. ‘जिया टॅन’ या नावाने वावरणाऱ्या कोणीतरी दोनेक वर्षे चिकाटीने काम करून, थकलेल्या मूळ सांभाळकर्त्याचा विश्वास आणि त्याबरोबर अधिकार मिळवला होता.

या प्रसंगी डेबियनची मंद गती उपयोगी पडली. दूषित आवृत्ती चाचणीच्या टप्प्यातील भांडारांत पोहोचली होती. स्थिर आवृत्तीत ती गेलीच नव्हती. ‘डेबियनची पॅकेजे जुनी असतात’ ही जुनी तक्रार त्या आठवड्यात अनेकांना गुण वाटली असेल. सोर्स कोड आणि तयार पॅकेज यांत काही लपवले गेले नाही, हे कोणालाही पडताळता यावे म्हणून डेबियनमध्ये २०१३ पासून ‘पुनरुत्पाद्य बांधणी’चा प्रयत्न चालू आहे. एकाच सोर्स कोडमधून कोणीही, कुठेही पॅकेज बांधले तरी ते अक्षरशः तसेच निघावे, हा त्याचा हेतू.

हमी कोणाची?

भारतासाठी या इतिहासाचा अर्थ काय, हे दोन घटनांतून स्पष्ट होते.

पहिली घटना ८ डिसेंबर २०२० ची. रेड हॅटच्या सशुल्क वितरणाची ‘सेंटओएस’ ही विनामूल्य प्रतिकृती जगभरातील विद्यापीठे, प्रयोगशाळा आणि कार्यालयांत वापरली जात होती. २०२९ पर्यंत सांभाळली जाईल असे मानलेली तिची आठवी आवृत्ती २०२१ च्या अखेरीसच थांबवणार, असे त्या दिवशी जाहीर झाले. ‘यम’ची आज्ञा तीच राहिली; मागची हमी मात्र संपली. ‘सायंटिफिक लिनक्स’ची पुढची आवृत्ती न काढण्याचा निर्णय तर आधीच, २०१९ मध्ये झाला होता. अखेर ‘सर्न’ आणि फर्मीलॅब यांनी २०२२ मध्ये ‘अल्मालिनक्स’ची निवड केली. ग्रिडमधील केंद्रांना सर्व्हर नव्या वितरणावर नेण्याचे काम करावे लागले.

दुसरी घटना देशांतर्गत आहे. सी-डॅकच्या चेन्नई केंद्राने विकसित केलेली ‘भारत ऑपरेटिंग सिस्टीम सोल्युशन्स’, म्हणजेच ‘बॉस’, २००७ मध्ये लोकांसमोर आली. भारतीय भाषांचा आधार हे तिचे वैशिष्ट्य. मार्च २०१५ मध्ये केंद्र सरकारने शासकीय कामकाजात मुक्तस्रोत सॉफ्टवेअर स्वीकारण्याचे धोरण जाहीर केले. ऑगस्ट २०२३ मध्ये संरक्षण मंत्रालयाच्या ‘माया’ या प्रणालीच्या बातम्या आल्या. ती उबुंटूवर आधारित असल्याचे सांगितले गेले. ‘बॉस’चा पाया डेबियन आहे आणि उबुंटूचाही पाया डेबियनच. दोन्ही वाटा मागे त्याच भांडाराकडे, त्याच सांभाळकर्त्यांकडे जातात.

यात कमीपणा नाही. मुक्तस्रोताची रीतच अशी आहे की एकाचे श्रम सर्वांच्या उपयोगी पडतात. मात्र देशाचे सर्व्हर ज्या हमीवर उभे आहेत, ती देणाऱ्यांत देशाचा वाटा किती, हा प्रश्न त्यामुळे टळत नाही. सोर्स कोड खुला असल्याने तो वाचण्याचा हक्क मिळतो; पण वाचणारा माणूस नसेल तर त्या हक्काचा उपयोग नाही. भारतीय सांभाळकर्ते आहेत आणि त्यांनी मोठी कामे केली आहेत. शेकडो उपांगे लागणारे ‘गिटलॅब’ डेबियनमध्ये आणण्याचे किचकट काम प्रवीण अरिंब्रतोडियिल यांच्या पुढाकाराने झाले. सप्टेंबर २०२३ मध्ये डेबियनची जागतिक वार्षिक परिषद कोची येथे, प्रथमच भारतात, भरली. तरीही सर्व्हर वापरणाऱ्यांच्या संख्येपुढे सांभाळणाऱ्यांची संख्या लहान आहे, आणि महाविद्यालयांत ‘पॅकेज कसे बसवायचे’ हे शिकवले जाते तितके ‘पॅकेज कसे सांभाळायचे’ हे शिकवले जात नाही.

‘सर्ट-इन’ची घटकसूची हे योग्य दिशेने पडलेले पाऊल आहे. कोणता घटक कुठे आहे, हे ठाऊक असेल तर ‘एक्सझेड’सारखी वार्ता येताच कोणत्या सर्व्हरांना धोका आहे, हे काही मिनिटांत सांगता येईल. पण सूचीने घटकाचे नाव कळते. त्या घटकाची दुरुस्ती सूची करत नाही. ते काम त्या नावापुढच्या माणसाचे.

त्या माणसाचे नाव शोधणे अवघड नाही. डेबियनच्या कोणत्याही यंत्रावर ‘अ‍ॅप्ट शो’ ही आज्ञा आणि पुढे पॅकेजचे नाव लिहिले की आवृत्ती, आकार, अवलंबित्व यांच्याबरोबर ‘मेंटेनर’ ही ओळ दिसते. कधी तिथे एखाद्या गटाचे नाव असते, कधी एकट्या माणसाचे. काही पॅकेजांचा सांभाळकर्ता निघून गेलेला असतो. डेबियनमध्ये अशा पॅकेजांना ‘अनाथ’ म्हणतात आणि त्यांची यादी सर्वांसाठी खुली असते. पॅकेज बसवायला शिकलेल्या विद्यार्थ्याला पुढचा अभ्यास त्या यादीतून निवडता येईल.